इंग्लिश खाडीपलीकडे, आपल्याच गाडीने

जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इंग्लंडमधल्या शाळा सुटतात आणि स्लाव, हाउन्स्लो, रेडिंग, लेस्टरकडच्या मराठी घरांतल्या गाड्या डोव्हर-फोकस्टनच्या दिशेला लागतात. या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं याच विषयावर आहेत: ब्रिटनमधली स्वतःची गाडी घेऊन फ्रान्स आणि तिथून पुढे स्वित्झर्लंड. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. जवळजवळ प्रत्येकाला धास्ती आहे ती रस्त्याच्या उजव्या बाजूची, आणि ती अर्ध्या दिवसात जाते. घोळ होतात ते कागदांत, विम्याच्या बारीक अक्षरांत आणि छतापर्यंत भरलेल्या डिकीत. उत्तरांचा भरही तिथेच आहे.

प्रश्न (स्लाव): गाडी ऑफिसच्या लीज योजनेतली आहे. आम्हा दोघांचे पासपोर्ट भारतीय, मुलीचा ब्रिटिश. ऑगस्टमध्ये फ्रान्समार्गे स्वित्झर्लंडला जायचं आहे. नेमके कोणते कागद लागतील?

आधी माणसांचे बघू, मग गाडीचे. ब्रिटनमध्ये कितीही वर्षं राहत असलात तरी भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतोच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. खरी अडचण अपॉइंटमेंटची. उन्हाळ्याच्या तोंडावर ती मिळता मिळत नाही, म्हणून ऑगस्टसाठी मार्च-एप्रिलमध्येच मागे लागा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री समसमान असल्या तर ज्या देशात आधी शिरणार त्याच्याकडे. तुमच्या चार रात्री स्वित्झर्लंडच्या इंटरलाकेनला आणि दोन फ्रान्सच्या रॅन्सला असतील तर फ्रान्सकडे अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिकडे अर्ज टाकू नका, तो त्याच कारणाने परत येऊ शकतो. विमानाच्या तिकिटाच्या जागी खाडीखालच्या रेल्वे-बोगद्याचं किंवा बोटीचं बुकिंग, गाडीचा कागद आणि विमा जोडायचा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

फ्रेंच पोलीस पासपोर्ट तपासतात ते इंग्लंडच्याच भूमीवर, डोव्हर बंदरात किंवा फोकस्टनला. म्हणजे एखादा कागद कमी पडला तर तिथूनच माघारी. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवी नोंदणी पद्धतही सुरू झाली आहे. मुलीचा पासपोर्ट ब्रिटिश असल्यामुळे तिचे बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातील (१२ वर्षांखाली असेल तर नुसता फोटो). तुमचे ठसे व्हिसाच्या वेळीच दिलेले असतात. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो, तो हिशेबात धरा. परतताना ब्रिटिश तपासणी फ्रान्समध्येच होते. मधल्या काळात पासपोर्ट नवा केला असेल तर तुमच्या ई-व्हिसाच्या खात्यात नवा नंबर घातलाय ना, हे निघण्यापूर्वी बघा. हे हमखास राहून जातं.

आता गाडी. मालकीच्या गाडीला मूळ व्ही-५-सी लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा ब्रिटिश कागद) बरोबर न्यायचं, झेरॉक्स चालत नाही. तुमची गाडी लीजची, त्यामुळे लॉगबुक कंपनीकडे असतं. त्याऐवजी व्हीई-१०३ हे प्रमाणपत्र लीज कंपनीकडून मागून घ्या. ते वर्षभर चालतं. काही कंपन्या देशांची यादी आणि दिवसांची मर्यादा घालतात, तेव्हा हॉटेल ठरवण्याआधी ही परवानगी घ्या.

ब्रिटनमधला प्रत्येक मोटर विमा युरोपियन युनियनमध्ये किमान थर्ड-पार्टी संरक्षण देतो. लोक तेवढं ऐकतात आणि निर्धास्त होतात. पण त्यात तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी येत नाही. विमा कंपनीला फोन करून तीन गोष्टी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या: पूर्ण संरक्षण बाहेरदेशी किती दिवस चालतं, त्यात स्वित्झर्लंडचं नाव आहे का, आणि गाडी चालवणारे दोघंही त्यात धरलेत का. ग्रीन कार्डाची (परदेशात दाखवायच्या विम्याच्या पुराव्याची) आता युनियनमध्ये किंवा स्वित्झर्लंडमध्ये गरज नाही.

मागच्या बाजूला 'यूके' अक्षरांचा स्टिकर हवा. २८ सप्टेंबर २०२१ पासून जुना 'जीबी' बाद झाला आहे. नंबरप्लेटवरच यूके आणि ब्रिटिश झेंडा असेल तर फ्रान्ससाठी वेगळा स्टिकर लागत नाही. गाडीत एक त्रिकोण आणि प्रत्येक माणसामागे एक चमकतं जाकीट ठेवायचं. जाकिटं डिकीत बॅगांखाली नकोत, हाताशी हवीत, कारण ती अंगात घालूनच गाडीतून उतरायचं असतं. श्वास तपासायची नळी मात्र विसरा, ती सक्ती २०२० मध्येच उठली.

प्रश्न (पुणे): जूनमध्ये मुलाकडे मिल्टन कीन्सला येतोय. तिथून सगळे मिळून त्याच्या गाडीने फ्रान्सला जाणार आहोत. माझ्या भारतीय लायसन्सवर मी आलटून पालटून चालवू शकेन का?

कायद्याने हो. पाहुणा म्हणून ब्रिटनमध्ये बारा महिन्यांपर्यंत भारतीय लायसन्स चालतं. फ्रान्समध्ये त्याच्या जोडीला फ्रेंच भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. हा परवाना पुण्याच्या आरटीओतूनच काढून घ्या: परिवहनच्या संकेतस्थळावर फॉर्म ४-अ, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. तो एकटा दाखवून उपयोग नाही, मूळ लायसन्सही खिशात हवं.

अडतं ते विम्यापाशी. मुलाच्या पॉलिसीत तुमचं नाव चालक म्हणून घालावं लागेल, आणि बऱ्याच कंपन्या परदेशी लायसन्स किंवा ठरावीक वयापुढचा चालक घेत नाहीत. घेतलं तरी ते नाव युरोपातही धरलं जाईल असं लेखी मागा. दोन-चार दिवसांच्या तात्पुरत्या पॉलिसी बहुधा ब्रिटनपुरत्याच असतात. आमचं मत विचाराल तर हप्त्यातली वाढ आणि होणारी दगदग बघता मुलालाच चालवू द्या, तुम्ही नकाशा सांभाळा. आणि शेंगेन व्हिसा भारतातूनच घेऊन निघा. ब्रिटनला फिरायला आलेल्यांनी तो तिथून मागणं सहसा मान्य होत नाही. अर्ज राहत्या देशातून करायचा असतो.

याच विषयावर हाउन्स्लोहून एकाने विचारलंय की ब्रिटनमध्ये येऊन दीड वर्ष झालं, अजून भारतीय लायसन्सच आहे, तर फ्रान्सला गाडी नेली तर चालेल का. नाही. राहायला आलेल्याला बारा महिनेच मिळतात आणि भारतीय लायसन्स तिथे बदलून मिळत नाही. प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) काढा, थिअरी द्या, रस्त्यावरची परीक्षा द्या. तोवर तुम्ही डोव्हरपर्यंत जातानासुद्धा विनालायसन्स, म्हणजेच विनाविमा.

प्रश्न (लेस्टर): आयुष्यभर डावीकडून चालवलं आहे. स्टिअरिंग उजवीकडे असताना उजव्या बाजूने चालवणं जमतं का?

जमतं. मोटरवेवर तर काही वाटतही नाही. चूक होते ती ठरलेल्या चार क्षणी: सकाळी हॉटेलमधून पहिल्यांदा बाहेर पडताना, पेट्रोलपंपावरून निघताना, सुपरमार्केटच्या पार्किंगमधून वळताना आणि समोर एकही गाडी नसलेल्या गावरस्त्यावर. इतर गाड्या असल्या की माणूस आपोआप त्यांच्या मागे जातो. रस्ता रिकामा झाला की हात जुन्या सवयीकडे वळतात. शेजारी बसलेल्याने अशा वेळी मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं, एवढी एक शिस्त पाळा. चालकाचं अंग रस्त्याच्या कडेकडे हवं. तुम्ही रस्त्याच्या मध्याजवळ बसलेले दिसलात तर बाजू चुकली आहे.

चौकातल्या चक्राला उलट्या दिशेने, म्हणजे उजवीकडे शिरायचं आणि डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. याला पॅरिसच्या विजयकमानीभोवतीचं चक्र अपवाद: तिथे आत शिरणाऱ्याचा हक्क आधी. तिकडे गाडी नेऊच नका.

पण चक्रापेक्षा घातक आहे तो फ्रान्सचा 'उजव्याला प्राधान्य' नियम. गावात एखाद्या चौकात पाटी किंवा रेघ नसेल तर उजवीकडच्या बोळातून येणारी गाडी आधी जाणार, तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात असं तुम्हाला वाटत असलं तरी. पांढऱ्या कडेची पिवळी चौकट कोपऱ्यावर उभी दिसली तर प्राधान्य तुमचं. त्याच चौकटीवर काळी तिरकी रेघ आली की ते संपलं, तिथून पुढे प्रत्येक उजव्या बोळाशी पाय ब्रेकवर.

दुपदरी रस्त्यावर ट्रकला मागे टाकायचं असेल तर आधी त्याच्यापासून बरंच मागे राहा. अगदी पाठीला चिकटलात तर उजव्या सीटवरून समोरचं काहीच दिसत नाही. डाव्या सीटवरचा माणूस बघून सांगू शकतो, पण "जा" हा निर्णय त्याच्यावर सोपवू नका. शंका असली तर ट्रकमागेच राहा, दहा मिनिटांनी काही बिघडत नाही.

हेडलाइटचंही इथेच सांगतो. ब्रिटिश गाडीचा डिपर डावीकडे वर चढतो, तो तिकडे समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो. साध्या दिव्यांवर ठरलेल्या जागी चिकटवायच्या पट्ट्या मिळतात. एलईडी दिवे असतील तर गाडीच्या मेनूत उजव्या बाजूच्या वाहतुकीची सोय आहे का बघा. काही नव्या गाड्यांचा झोत सपाट असतो, त्यांना काहीच लागत नाही. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. परत आल्यावर पट्ट्या काढायला विसरू नका, उन्हाने त्यांचा गोंद प्लॅस्टिकवर बसतो.

प्रश्न (रेडिंग): वेगमर्यादा आणि दंडाबद्दल सांगा. आमचा काटा मैलांचा आहे.

फ्रान्समध्ये मोटरवेवर १३० किलोमीटर, म्हणजे ८० मैल. पावसात ११०, म्हणजे ६८. दुभाजक असलेल्या इतर महामार्गांवर ११०, पावसात १००. गावाबाहेरच्या साध्या दुपदरी रस्त्यावर ८०, म्हणजे ५० मैल. काही जिल्ह्यांनी तिथे ९० ठेवले आहेत, पाटी बघा. गावात ५०, म्हणजे ३१ मैल. गावाच्या नावाची पाटी लागली की ५० सुरू, वेगाचा वेगळा आकडा लावत नाहीत. नावावर लाल काट आली की संपलं. स्वित्झर्लंडमध्ये मोटरवेवर १२०, गावाबाहेर ८०, गावात ५०, आणि तिथले दंड फ्रान्सच्या मानाने खूपच जड.

पत्रात कुणीच न विचारलेली एक गोष्ट: ज्यांचं लायसन्स तीन वर्षांपेक्षा कमी जुनं आहे त्यांना फ्रान्समध्ये मोटरवेवर ११०, दुभाजकाच्या रस्त्यावर १०० आणि बाकी ८० इतकीच मुभा आहे. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवली असली तरी ब्रिटिश कार्डावर परवाच्या परीक्षेची तारीख असेल तर पोलीस तीच वाचणार. अशा चालकाला रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादाही लिटरला ०.२ ग्रॅम आहे, इतरांना ०.५. म्हणजे जेवणाबरोबरचा एक ग्लाससुद्धा नको.

मर्यादेपेक्षा ४० किलोमीटर किंवा जास्त वेगात सापडलात तर लायसन्स जागेवर काढून घेतात, आणि परदेशी चालकाकडून दंडही तिथल्या तिथे वसूल होतो. कॅमेरा आला की सांगणारी सोय नकाशाच्या अ‍ॅपमध्ये बंद करून ठेवा, ती दोन्ही देशांत बेकायदा आहे. कानात इअरफोन घालून चालवणंही फ्रान्समध्ये गुन्हा, एका कानात असला तरी.

प्रश्न (बर्मिंगहॅम): बोगदा बरा की बोट? आणि निघायचं केव्हा?

फोकस्टनहून रेल्वेच्या डब्यात गाडी चढवली की ३५ मिनिटांत कॅले. डोव्हरहून बोटीला दीड तास. बोट लागणारं कुणी असेल किंवा तान्हं मूल झोपलेलं असेल तर बोगदा; गाडीतच बसून राहता येतं, फक्त हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकायचा आणि काचा थोड्या उघड्या ठेवायच्या. बर्मिंगहॅमहून चार तास चालवून आलेल्या माणसाला मात्र बोटच बरी. तिथे गाडी सोडून वर जावंच लागतं, म्हणून खाणं आणि पाय मोकळे करणं आपोआप होतं. बोटीत गाडीचा अलार्म बंद करून जा, हेलकाव्याने तो वाजत बसतो.

बोगद्याचं बुकिंग करताना उंची खरी सांगा. १.८५ मीटरच्या वर गेलं की उंच गाड्यांचा वेगळा डबा आणि वेगळी जागा. छतावरची पेटी धरून मोजा. एलपीजीवरची गाडी तिथे घेत नाहीत, टाकी रिकामी असली तरी.

निघायचा दिवस ठरवताना फ्रान्सच्या सरकारी 'बिझों फुते' या वाहतूक-अंदाजाचं कॅलेंडर उघडा. ते वर्षभराचे दिवस हिरवा, केशरी, लाल आणि काळा अशा रंगांत दाखवतं. जुलैचा शेवटचा आणि ऑगस्टचे पहिले शनिवार दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर नेहमी वाईट. सुट्टीची घरं शनिवार-ते-शनिवार भाड्याने देतात म्हणून सगळेच शनिवारी निघतात. मंगळवार-बुधवारी निघा. कॅलेपासून ए-२६ ने रॅन्स पावणेतीनशे किलोमीटर आहे. दुपारी खाडी ओलांडणाऱ्यांना पहिला मुक्काम करायला ते नेमक्या अंतरावर पडतं. जिनिव्हा सव्वाआठशेच्या आसपास. एका दिवसात मारायचा हट्ट नको.

प्रश्न (क्रॉयडन): उजव्या स्टिअरिंगच्या गाडीने टोलनाक्यावर काय करायचं?

मशीन डावीकडे असतं. शेजारच्याने तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना त्यानेच कार्ड लावायचं. हिरवा बाण सगळ्यांसाठी, कार्डाचं चित्र फक्त कार्डवाल्यांसाठी, केशरी 'टी' फक्त इलेक्ट्रॉनिक टॅगवाल्यांसाठी. त्यात चुकून शिरलात तर मागे घेऊ नका, मदतीचं बटण दाबा. एकट्याने जाणार असाल किंवा मागच्या सीटवर दोन लहान मुलं आणि शेजारी कुणी नाही अशी स्थिती असेल तर टॅग निघण्यापूर्वी टपालाने मागवा, तो काचेवर आरशामागे बसतो. छतावरच्या पेटीमुळे मशीनने वरची श्रेणी लावली तर त्याच बटणावर "क्लास अं" (पहिली श्रेणी) म्हणा.

पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए-१३ आणि ए-१४ वर आता नाकेच नाहीत. वर कमानीवरचे कॅमेरे नंबर टिपतात आणि पैसे ७२ तासांत सानेफ या मोटरवे कंपनीच्या संकेतस्थळावर भरायचे असतात. ल हाव्रहून बोटीने परतणारे यात हमखास अडकतात, कारण कुठे थांबवलंच नाही म्हणजे रस्ता फुकट असं वाटतं.

प्रश्न (स्विंडन): आम्ही पाच जण. छतावर पेटी लावणार आहोत. गाडी किती भरावी?

सगळ्यात चांगला प्रश्न. दाराच्या चौकटीवरच्या पत्र्यावर गाडीचं जास्तीत जास्त एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. मध्यम आकाराच्या कौटुंबिक गाडीत साधारण ४५० ते ५५० किलो उरतात. सत्तर किलोंची पाच माणसं म्हणजे ३५०. राहिले शंभर ते दोनशे, त्यात छतावरची पेटीही आली. छताची मर्यादा बऱ्याच गाड्यांत ७५ किलो असते आणि आडव्या दांड्या व रिकामी पेटी मिळून वीस-पंचवीस त्यातच जातात. म्हणजे पेटीत पन्नास किलो, तेही हलकं पण जागा खाणारं: कपडे, पांघरुणं, जाकिटं. तांदळाचं पोतं, पाण्याचे कॅन आणि कुकर खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकून. मागच्या काचेजवळच्या फळीवर काहीही नको, जोराच्या ब्रेकला तिथली बाटली थेट डोक्यावर येते.

टायरची हवा भरलेल्या गाडीसाठी वेगळी असते. तोच पत्रा किंवा पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू बघा: रिकाम्याला मागच्या चाकांत २.२ बार असेल तर भरल्याला २.६ किंवा जास्त लिहिलेलं असतं. फ्रान्समधले पंप बारमध्ये दाखवतात, २.५ बार म्हणजे ३६ पीएसआय. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. कमी हवा, जास्त वजन आणि ३५ अंशांचा ऊन्हाळा एकत्र आले की टायरची बाजू सतत वाकून तापते आणि मोटरवेवर फाटते. उन्हाळ्यातले टायर फुटण्याचे प्रकार बहुतेक असेच होतात, खिळ्याने नाही. गरम टायरमध्ये आकडा जास्त दिसला म्हणून हवा काढू नका.

मागून गाडी दबली की हेडलाइट वर उचलले जातात. डॅशबोर्डवर दिव्यांची पातळी बदलायचं छोटं चाक असेल तर ते फिरवून झोत एक-दोन पायऱ्या खाली आणा. आणि चाकांना चोरीविरोधी नट असतील तर त्याची चावी कुठे आहे हे आज बघा. ती गॅरेजमध्ये राहिली असली तर स्टेपनी असून नसल्यासारखी.

प्रश्न (केंब्रिज): पेट्रोल-डिझेलची नावं?

डिझेल म्हणजे 'गाझोल', चौकोनात बी-७. पेट्रोल 'एसपी-९५-ई-१०', 'एसपी-९८', दोन्ही गोलात. 'ई-८५' फार स्वस्त दिसतं पण ते जवळजवळ इथेनॉल आहे, साध्या गाडीत घालायचं नाही. नळीच्या रंगावर विसंबू नका, अक्षरं वाचा. चुकीचं भरलं गेलं तर चावी फिरवू नका. इग्निशन नुसतं लावलं तरी पंप ते इंजिनाकडे ढकलतो. तसंच ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करवा. इंधन मोटरवेपेक्षा लक्लेर, कारफूर यांसारख्या सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त. कार्डाचं मशीन आधी शंभर-दीडशे युरो अडकवून ठेवतं, नंतर सोडतं. डेबिट कार्डात तेवढी शिल्लक ठेवा.

प्रश्न (एडिंबरा): स्वित्झर्लंडच्या घाटांत पहिल्यांदाच जातोय. काय काळजी घ्यावी?

मोटरवेसाठी विन्येट (टोलऐवजी घ्यायचा वार्षिक पास) लागतं: ४० फ्रँक, एकच प्रकार, आदल्या १ डिसेंबरपासून पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत चालतं. २०२३ पासून ते नंबरवर ऑनलाइनही मिळतं. सरकारी संकेतस्थळच वापरा, नक्कल साइट वर पैसे लावतात. नसलं तर २०० फ्रँक दंड आणि वर विन्येटचे ४०.

फुर्का, ग्रिमसेल, सुस्टेन हे घाट साधारण जून ते ऑक्टोबर उघडे. खंबाटकी, वरंध उतरलेल्याला वळणांची भीती नाही, पण इथला उतार तासभर संपत नाही. चढताना जो गिअर लागला त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर एम, बी किंवा एल मध्ये टाका. सतत ब्रेक दाबून धरला की ब्रेक ऑइल तापतं. ते हवेतली ओल शोषत असतं, म्हणून जुन्या ऑइलचा उत्कलनबिंदू खाली आलेला असतो. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. दोन वर्षांत बदललं नसेल तर निघण्यापूर्वी बदला. जळका वास आला तर बाजूला थांबा, पण ब्रेकवर पाणी ओतू नका. दोन क्लचची ऑटोमॅटिक गाडी चढावर ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, क्लच जळतो. ब्रेकवर उभी करा.

अरुंद जागी समोरासमोर आलात तर साधारणपणे उतरणारा मागे घेतो. पिवळी पोस्टबस मात्र कुठूनही आली तरी तिचं ऐकायचं. वळणाआड तिचा तीन सुरांचा हॉर्न ऐकू आला की जागा मिळेल तिथे थांबा.

प्रश्न (मँचेस्टर): मोटरवेवर गाडी बंद पडली तर आपल्या ब्रेकडाउन कंपनीला फोन करायचा ना?

फ्रान्सच्या टोल मोटरवेवर नाही. तिथे नेमलेलेच टोवाले येऊ शकतात. जाकिटं घाला, उजव्या बाजूच्या दारांनी उतरा, सगळ्यांना कठड्यापलीकडे न्या, मग केशरी खांबावरचा फोन किंवा ११२. खांबाच्या फोनवरून तुमची जागा त्यांना आपोआप कळते. वाहनं वेगात असतील तर त्रिकोण ठेवायला मागे चालत जाऊ नका. टोचे दर सरकारने बांधून दिलेले असतात. पावती घ्या, गाडी मोटरवेबाहेर आली की मग तुमच्या कंपनीला फोन करा आणि पैसे त्यांच्याकडून मागा. युरोपचं कव्हर घेताना गाडीच्या वयाची अट आणि गाडी घरी पोचवण्याची रक्कम, या दोन ओळी वाचा. ऑगस्टमध्ये फ्रान्समधली कितीतरी छोटी गॅरेजं सुट्टीवर बंद असतात, सुटा भाग यायला आठवडा जाऊ शकतो.

किरकोळ धडक झाली तर तिथली पद्धत म्हणजे दोघांनी मिळून भरायचा अपघाताचा छापील फॉर्म. विमा कंपनीकडून इंग्रजी प्रत आधीच घेऊन ठेवा. रकाने दोन्ही भाषांत त्याच क्रमाने असतात. सही केल्यावर दर्शनी पानावर काही बदलता येत नाही, तेव्हा कळलं नसेल तर सही नको. फोटो मात्र भरपूर काढा.

प्रश्न (ऑक्सफर्ड): इलेक्ट्रिक गाडी नेली तर?

न्या. मोटरवेच्या थांब्यांवर वेगवान चार्जर भरपूर आहेत. हॉटेल आणि गावातल्या साध्या चार्जरना बऱ्याचदा वायर नसते, म्हणून टाइप-२ केबल विसरू नका. १३० च्या वेगाला ११० पेक्षा बॅटरी खूपच लवकर उतरते आणि छतावरची पेटी त्यात भर घालते. घरच्या रेंजवर हिशेब करू नका. घाटमाथ्यावरच्या हॉटेलात पूर्ण १०० टक्के चार्ज करू नका: भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज जायला जागा नसते, मग रीजन ब्रेकिंग (वीज परत भरत वेग कमी करणं) मिळत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ८० वर थांबवा.

प्रश्न (वॉटफर्ड): वाटेत खायला घरचं काय काय नेता येईल?

ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये मांस आणि दूध-दुभतं न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप, पनीर, दही, श्रीखंड, पेढे घरीच ठेवा. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला दोन किलोंपर्यंत सूट आहे. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. अपवाद केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. हापूसची पेटी निघण्यापूर्वी संपवा. कांदे-बटाटे, मिरच्या तिकडच्या सुपरमार्केटात घ्या, कढीपत्ता वाळवलेला न्या. चिवडा, चकली, बाकरवडी, लाडवांतले बेसनाचे तुपाच्या शंकेने सोडून शेंगदाण्याचे, मसाले, भाजणी, पापड, लोणचं यांना कुणी अडवत नाही.

येतानाचा नियम वेगळा आहे. १२ एप्रिल २०२५ पासून युरोपातून ब्रिटनमध्ये गाय, बकरी, मेंढी आणि डुकराचं मांस, तसंच दूध, लोणी, चीज आणायला मनाई आहे, स्वतःच्या खाण्यापुरतं असलं तरी. ती जनावरांच्या लाळ्या-खुरकूत या साथीच्या रोगामुळे. त्यामुळे ग्रुयेरचं चीज तिथेच खा. चॉकलेट हवं तेवढं आणा, फक्त ते उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका.